पांदणीचा चिखल, सायकल आणि आमची कार

नागपूरहून अमरावती रोडनं वाडी ओलांडली की थोड्या वेळानं दोन्ही बाजूंना पांदणी फुटायला लागतात. गोंडखैरीच्या पुढे, धामण्याच्या आसपास, कपाशी आणि सोयाबीनच्या मधून जाणाऱ्या या बैलगाडीच्या वाटा पावसाळ्यात सायकल चालवायला मला फार आवडतात. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज काही मिनिटांतच मागे पडतो, बांधावर पळसाची पानं धुऊन निघालेली असतात आणि चाकाखाली काळी माती. पण तिथवर घरून सायकल चालवत जायचं म्हणजे भर पावसात हायवेच्या कडेनं, ट्रकांच्या शेजारून जावं लागतं. ते मला पटत नाही. म्हणून सायकल कारमध्ये टाकते, पांदणीच्या तोंडाशी ओळखीच्या धाब्याजवळ कार लावते आणि तिथून पुढे निघते.

जाताना काहीच अडचण नसते. सगळा प्रश्न परतीचा.

आमच्या घरात कार एकच, साधी हॅचबॅक. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तिला पुढच्या सीटवर पाय दुमडून फार वेळ बसवत नाही. ती मागच्या सीटवर आडवी, पाय लांब करून बसते. रविवारी सकाळी ज्या जागेत माझी सायकल असते, तिथेच सोमवारी संध्याकाळी फिजिओथेरपीला जाताना आईचे पाय असतात. तिच्या साडीला चिखलाचा कण लागू नये, बसताना तिच्या नाकाला ओलसर वास येऊ नये, ही माझी पहिल्यापासूनची अट होती. ती पाळता येत नसती, तर मी पांदणीवर जाणं सोडलं असतं. म्हणून मी या कामाकडे नीट लक्ष दिलं आणि आता त्याची एक पद्धत बसली आहे. ती इथे सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं याच ठिकाणी अडलेलं मी पाहिलं आहे.

आधी मातीबद्दल बोललं पाहिजे. विदर्भातली काळी माती ही दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं, ते फुगतात, आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय नागपुरात, याच अमरावती रोडवर आहे. देशाच्या मातीचा अभ्यास करणारी संस्था अशा मातीच्या उंबऱ्यावर असावी, हे मला फार योग्य वाटतं. सायकलवाल्याला मात्र या मातीचं एवढं कळलं तरी पुरे की तिच्या तीन अवस्था असतात. भरपूर पाण्यात ती पातळ होते आणि वाहून जाते. पूर्ण वाळली की तिचे पापुद्रे सुटतात. मधल्या अवस्थेत, म्हणजे ओलसर पण पाणी निथळून गेलेलं असताना, ती मळलेल्या कणकेसारखी होते आणि ज्याला लागेल त्याला धरून बसते. आणि पांदणीतून तासभर सायकल चालवून आपण कारजवळ येतो, तेव्हा ती नेमकी याच अवस्थेत असते.

हे मला शिकवलं ते पांदणीजवळच्या एका शेतकरी काकांनी. मी कारशेजारी उभी राहून फडक्यानं सायकलची नळी पुसत होते. ते बांधावर बसून डवऱ्याची, म्हणजे कोळपणीच्या अवजाराची, पास साफ करत होते, हातात बाभळीची चपटी काडी. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "माय, वल्ला गारा पुसू नोको. पुसला का पसरते. एक त पान्यानं धू, नाहीत वाळू दे." मग स्वतःची काडी माझ्याकडे दिली. लाकडी काडीनं चिखलाचा गोळा उचलला जातो आणि रंगाला ओरखडा येत नाही. लोखंडी पत्रीनं रंग जातो. तेव्हापासून माझ्या डिकीत दोन लाकडी पट्ट्या कायम असतात. फडकं हातात येतं ते सगळ्यात शेवटी.

आता कोणी म्हणेल, सायकल आत कशाला, बाहेर स्टँड लाव. मी तोही विचार केला. डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचे स्टँड मिळतात, टपावरचेही मिळतात. मागच्या स्टँडवर सायकल अडकवली की नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, आणि पावसाच्या अंधारात अमरावती रोडवर मागून येणाऱ्या ट्रकला माझे दिवे दिसले नाहीत तर काय होईल, हे सांगायला नको. टपावर चढवायची तर चिखलानं जड झालेली १४ किलोची सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते, आणि माझ्या खांद्याला ते झेपत नाही. मोठी गाडी असलेल्या, दोघं-तिघं मिळून जाणाऱ्या लोकांना टपावरचं स्टँड चांगलं. मी एकटी जाते, म्हणून सायकल आत.

खरं काम घरीच, निघण्याच्या आदल्या रात्री सुरू होतं. मागच्या सीटची पाठ आडवी करायची, डोकं टेकायच्या उशा काढून घरात ठेवायच्या, डिकीवरचा पार्सल ट्रेही काढायचा. मग सीटबेल्टची कुलपं. ही लहानशी गोष्ट आहे, पण त्या फटीत वाळू-माती गेली की बेल्ट नीट अडकत नाही, आणि आईला बेल्ट लावायचा असतो. जुने मोजे या कुलपांवर चढवले की काम होतं. त्यानंतर पुढच्या सीटची पाठ आणि आडवी केलेली मागची सीट यांच्यामधली दरी. सायकलवरून पडणारं सगळं याच दरीत जातं आणि तिथून ते काढायला हात पोचत नाही. तिथे मी जुनी चादर गुंडाळून, तिची वळकटी घट्ट दाबून बसवते, म्हणजे वरून टाकलेली ताडपत्री तिथे खाली लोंबत नाही.

थर कोणत्या क्रमानं घालायचे, याला फार महत्त्व आहे. सगळ्यात खाली जुनी वाकळ. ती पेडल आणि दातेरी चक्रापासून सीटचं कापड वाचवते. तिच्यावर ताडपत्री. इतवारीच्या बाजारात हव्या त्या मापाची कापून मिळते. मी डिकीच्या उंबऱ्यापासून पुढच्या सीटच्या पाठीवर अर्ध्यापर्यंत चढेल एवढी लांब घेतली आणि दोन्ही बाजूंनी खिडकीच्या काचेच्या खालपर्यंत येईल एवढी रुंद. कडा उभ्या राहिल्याच पाहिजेत. सपाट अंथरलेल्या ताडपत्रीवर पाणी साचतं आणि रविनगरच्या चौकात ब्रेक दाबला की ते सगळं पुढे धावत येतं. कडा वर करून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दारावरच्या मुठींना आणि पुढच्या सीटला अडकवल्या की तीन बाजूंनी बंद असा एक हौद तयार होतो. डिकीच्या उंबऱ्याकडची कड मात्र मोकळी ठेवायची, बाहेर लोंबती. सायकल आत सरकवताना सगळ्यात जास्त चिखल उंबऱ्यालाच लागतो. सायकल आत गेली की ती कड आत दुमडून दार लावायचं.

ताडपत्रीवर तिसरा थर पाणी शोषणारा. जुनी सुती चादर किंवा रद्दीचे जाड थर. ताडपत्री पाणी अडवते, पण पितं ते सुती कापडच. हे दोन्ही हवेत आणि याच क्रमानं हवेत. नुसती चादर टाकली तर ओल झिरपून सीटच्या फोममध्ये जाते, आणि नागपूरच्या ऑगस्टमधल्या दमट हवेत फोम आठवडाभर वाळत नाही. मग येतो तो कुबट वास, जो कोणत्याही अत्तरानं जात नाही.

आता पांदणीच्या तोंडाशी परत येऊ. इथली पंधरा मिनिटं नीट गेली तर पुढचं सगळं सोपं होतं. माझ्या मते गाडी स्वच्छ राहते की नाही हे दाराबाहेरच ठरतं; आतले सगळे थर उरलेल्या ओलीसाठी असतात.

सायकल बांधाला किंवा झाडाला टेकवून आधी पट्टीनं जाड गोळे काढते. टायर, पुढच्या फोर्कचा वरचा गाळा, पेडलच्या दांड्या जिथे मिळतात त्याच्या खालची खोबण, मागच्या चाकापुढची दोन नळ्यांमधली चिंचोळी जागा, आणि सीटची खालची बाजू. शेवटची जागा लोक विसरतात, आणि सायकल आडवी केली की पहिला गोळा तिथूनच पडतो. पट्टीनं काढलेली माती तिथेच बांधावर राहू देते. ती त्या शेताची माती आहे, आणि तिच्यासोबत गाजरगवताचं बी नागपूरपर्यंत न्यायचं मला काही कारण नाही. चिखलातून गाजरगवत कसं पसरतं हे शेतकऱ्यांना चांगलं माहीत असतं. काकांनीही तेवढंच बजावून सांगितलं होतं.

टायर साफ करताना काटे बघायचे. बाभळीचा काटा किंवा गोखरू टायरमध्ये रुतलेला असला तर तो ट्यूबमध्ये जायच्या आधीच ताडपत्रीला भोक पाडतो, आणि त्या भोकातून पाणी वाकळीत उतरतं. मी चाक हळूहळू फिरवत बोटाच्या पेरानं चाचपते.

मग पाणी. पाच-पाच लिटरचे दोन कॅन सोबत असतात, त्यातले आठेक लिटर सायकलला पुरतात. बाटलीनं ओतलं तर पाणी फार जातं आणि माती तशीच राहते, म्हणून मी हातानं हवा भरायचा फवारणीचा लहान पंप घेतला आहे, बागेत कुंड्यांना पाणी मारायला वापरतात तसा. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे घरोघरी, गावातल्या नातेवाइकांकडे फवारणीचे पंप पडलेले असतात. कीटकनाशकासाठी एकदाही वापरलेला पंप सायकल धुवायला घेऊ नका. कितीही धुतला तरी टाकीत आणि नळीत औषध उरतं, ते हातावर, हँडलवर आणि शेवटी कारच्या सीटवर येतं. विदर्भात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं, हे २०१७ साली यवतमाळनं पाहिलं आहे. नवा पंप घ्या, त्यावर ठळक अक्षरात 'फक्त पाणी' असं लिहून ठेवा.

फवारा वरून खाली मारायचा: हँडल, सीट, नळ्या, चाकं, आणि शेवटी साखळी. चाकाच्या मधल्या भागात आणि पेडलच्या अक्षात थेट जोराचा फवारा नको. आत बेअरिंग असतात, पाणी ग्रीस घेऊन बाहेर येतं आणि वाळू आत जाते. जुन्या रंगाच्या ब्रशनं हलकं घासलं की काळी माती पातळ होऊन उतरते. विहिरीच्या काठावर किंवा हापशीपाशी मी सायकल कधी धूत नाही, ते पाणी लोकांच्या पिण्याचं असतं. पांदणीच्या कडेला, उतार शेताच्या दिशेनं असेल अशा जागी धुते.

धुऊन झाली की सायकल दोनदा उचलून हलकेच आपटायची. नळ्यांमधलं, चाकाच्या रिममधलं पाणी तिथेच गळून जातं. आणि मग कुठे फडकं.

साखळीबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण चिखलापेक्षा ती जास्त त्रास देते. माती पाण्यानं निघते. साखळीचं काळं तेल मातीत मिसळलं की ते सीटच्या कापडावर कायमचं बसतं. म्हणून साखळी वेगळ्या फडक्यानं, पेडल उलटं फिरवत पुसून घेते, आणि मग जुन्या लेगिंगचा एक पाय कापून केलेली पट्टी साखळी आणि दातेरी चक्रांभोवती गुंडाळते. हे फडकं आणि चाकाचं फडकं कधी एकत्र करायचं नाही. तेलाचा अंश ब्रेकच्या चकतीला लागला तर ब्रेक किंचाळतो आणि धरेनासा होतो. कापडावर तेलाचा डाग पडलाच, तर पाणी लावण्याआधी भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब कोरड्या डागावरच घालून बोटानं मुरवायचे आणि नंतर ओल्या फडक्यानं टिपायचं.

मग पुढचं चाक काढायचं. त्याआधी गिअर बदलून साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणते, म्हणजे बाहेर आलेला डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आत सरकतो आणि कशाला अडकत नाही. लिव्हर असलेलं चाक हातानं निघतं. नट असेल तर १५ नंबरचा पाना लागतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकची मूठ चुकूनही दाबायची नाही. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही. मी दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची जाड घडी खुपसून ठेवते.

पेडलंही काढते. बहुतेक जण हे टाळतात, आणि त्यांच्या सीटच्या पाठीला नेमकं पेडलच्या खिळ्यांनी छिद्र पाडलेलं असतं. एक लक्षात ठेवायचं, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडलं सायकलच्या मागच्या दिशेनं फिरवली की सुटतात, हे डोक्यात ठेवलं की गोंधळ होत नाही. चिखलात ही कामं करायची असतील तर पेडल बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावून ठेवावं, नाहीतर ती अशी जखडतात की पान्यावर उभं राहावं लागतं.

सुट्या चाकासाठी मी युरियाची पोती वापरली. ४५ किलोचं विणलेलं पोतं फार मजबूत असतं. २९ इंची चाक टायरसकट पाऊण मीटरच्या आसपास भरतं, ते एका पोत्यात मावत नाही, म्हणून दोन पोती उसवून खामल्याच्या एका शिंप्याकडून गोल पिशवी शिवून घेतली, तोंडाला नाडी. पोती आधी दोन-तीन पाण्यांत नीट धुतली, कारण खताचा अंश धातूला गंज चढवतो. ही पिशवी मला पटली ती यासाठी की विणीतून पाणी निथळतं पण माती आत राहते. घरी आलं की पिशवी उलटी करून कुंडीत झटकते. बाजारात रेक्झिनच्या तयार पिशव्या मिळतात, त्यांत पाणी साचून राहतं.

सायकल आत ठेवताना साखळीची बाजू वर. साखळी उजवीकडे असते, म्हणजे सायकल डाव्या कुशीवर झोपते. ब्रेकच्या चकत्या डाव्या बाजूला असतात, त्यामुळे मागची चकती खाली येते. तिच्यावर भार पडून ती वाकू नये म्हणून मागच्या अक्षाखाली आणि डाव्या दांडीखाली घडी केलेला टॉवेल ठेवते. मागचं चाक आधी आत जातं, पुढच्या सीटच्या दिशेला. हँडल वळवून डिकीच्या दाराकडे. हँडलचं टोक छताच्या कापडाला घासतं आणि तिथला काळा डाग काढणं फार कठीण, म्हणून दोन्ही टोकांना मोजे. छताचं कापड ओल्या फडक्यानं घासू नका, त्याचा आतला फोम सुटतो आणि कापड लोंबायला लागतं.

आणि सायकल बांधायची. दाबलेल्या ब्रेकला १४ किलो वजन पुढे येतं तेव्हा ते थेट चालवणाऱ्याच्या मानेकडे येतं. सीटच्या मागे मुलांची खुर्ची अडकवायच्या लोखंडी कड्या असतात, त्यांतून पट्टा ओवून मी सायकलची मुख्य नळी आवळून घेते. या बाबतीत मी कधीही घाई करत नाही.

एवढं सगळं केल्यावर गाडी घाण करायला राहतं कोण, तर आपण स्वतः. खरं पाहता सायकलपेक्षा जास्त माती माझे बूट, पोटऱ्या आणि पाठ घेऊन येतात. मागच्या चाकानं उडवलेला चिखल पाठीवर मानेपर्यंत असतो. माझ्याकडे एक घमेलं आहे, बांधकामावर वापरतात ते. डिकीच्या उंबऱ्यावर बसायचं, पाय बाहेर, बूट आणि मोजे काढून घमेल्यात टाकायचे, उरलेल्या दोन लिटर पाण्यानं पोटऱ्या आणि पाय धुवायचे, पुसायचे, चपला घालायच्या. सायकलच्या कपड्यांवरून लांब सैल कुर्ता चढवते आणि आतला ओला शर्ट त्याच्या आतूनच काढून घेते. बायकांना रस्त्याच्या कडेला कपडे बदलायची सोय कुठेच नसते, त्यामुळे हा सैल कुर्ता मला फार उपयोगी वाटतो. ओल्या चपलेनं क्लच दाबू नये, पाय घसरतो. तळवाही पुसून घ्यावा. चालवणाऱ्याच्या सीटवर जाड टॉवेल, पायाखाली रबरी मॅट.

ओली सायकल, ओली चादर आणि ओली मी, यांमुळे काचा आतून धुकाळतात. एसी सुरू ठेवला की हवा कोरडी होते आणि काचा मोकळ्या होतात. थंडी वाजली तर तापमान वाढवायचं, एसी बंद करायचा नाही.

घरी पोचल्यावर मन म्हणतं, आधी आंघोळ, चहा, तर्री पोहे. पण सायकल आणि चादर त्याच वेळी काढून टाकली पाहिजे. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर दोन तासांत ओल सगळीकडे पसरते. सायकल काढली की चिमटे सोडायचे आणि ताडपत्रीच्या चारी कडा मध्यभागी आणत, चादरीसकट तिचं गाठोडं बांधून उचलायचं. एक कडही बाहेर झटकायची नाही. गाठोडं गच्चीवर उघडते, माती वाळू देते आणि मग झाडूनं गोळा करून मोगऱ्याच्या कुंडीत टाकते. नालीत ही माती कधी जाऊ देत नाही. ती खाली बसून घट्ट होते आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांचं पाणी तुंबतं. गाडीची चारही दारं तासभर उघडी ठेवते, सीटच्या फटीत रद्दीचे बोळे कोंबते, दुसऱ्या दिवशी काढते.

तरी कधी सीटवर ठिपका दिसतोच. त्याला हात लावायचा नाही. पूर्ण वाळू द्यायचा, कडक ब्रशनं मोडायचा, व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा, आणि उरलेल्या सावलीवर ओलं फडकं दाबायचं. काकांनी बांधावर सांगितलेलं इथेही तसंच्या तसं लागू पडतं.

रामटेककडे गेलं की मात्र हिशेब बदलतो. खिंडसी तलावाच्या आसपासची माती वेगळ्या खडकाची, रेताड आणि लालसर. ती चिकटत नाही, वाळली की झटकून निघते. पण तिचे कण टोकदार असतात. ओल्या फडक्यानं पुसली तर सायकलचा रंगही जातो आणि गाडीच्या दाराचं प्लास्टिकही ओरबाडलं जातं. तिथे मी पाणी जवळजवळ वापरत नाही. सायकल अर्धा तास उन्हात उभी करते, मऊ ब्रशनं झाडते. मनसरला मँगनीजची खाण आहे. त्या भागातल्या रस्त्यावरची काळसर बारीक धूळ मात्र कापडात शिरली की निघता निघत नाही, म्हणून तिकडून येताना सायकलवर वरूनही एक चादर टाकते.

आता नवा प्रश्न समोर आहे. माझा भाचा सहावीत गेला, त्याला २४ इंची गिअरची सायकल मिळाली आणि त्याला माझ्यासोबत पांदणीवर यायचं आहे. हॅचबॅकमध्ये दोन सायकली कशा बसवायच्या? दोन्हींची पुढची चाकं काढून, एकीचं तोंड डिकीकडे आणि दुसरीचं पुढे, अशा उलट-सुलट ठेवल्या तर लांबीत बसतात, हे घराच्या पार्किंगमध्ये कोरड्या सायकलींवर करून पाहिलं आहे. वरच्या सायकलचं पाणी खालच्या सायकलच्या साखळीवर गळतं आणि तेल घेऊन खाली उतरतं, ही अडचण आहे. दोघींच्या मधे वाकळ आणि तिच्यावर छोटी ताडपत्री, असा दुसरा मजला करून पाहणार आहे. मागची सीट पूर्ण आडवी करावी लागेल, म्हणजे भाचा पुढे माझ्या शेजारी बसेल. त्याच्या आठवीतल्या ताईनंही सायकल मागितली आहे म्हणतात, पण ते पुढच्या पावसाळ्याचं बघू.